विश्लेषण : प्रवासात, हॉटेलात मुलांच्या हाती मोबाइल का येतो? दोष केवळ पालकांचा की व्यवस्थेचाही?

रेल्वेचा डबा असो, एसटीचा लांबचा प्रवास असो, दवाखान्यातील रांग असो की हॉटेलातील जेवण. लहान मूल कंटाळून चुळबुळ करू लागले की पालकांचा हात मोबाइलकडे जातो. मूल गप्प होते आणि शेजारी बसलेलेही सुटकेचा नि:श्वास टाकतात. दुसरीकडे, दोन वर्षांखालील मुलांना स्क्रीन दाखवूच नये, असे बालरोगतज्ज्ञांच्या संघटना सांगत आहेत. मोबाइल दिला तर ‘आजकालचे पालक’ म्हणून टोमणे आणि न दिला तर ‘मुलाला आवरा’ अशा नजरा, अशा कात्रीत पालक सापडले आहेत. घराबाहेर पडल्यावर मुलांना रमवायचे कसे, हा प्रश्न केवळ संगोपनाचा नाही. सार्वजनिक जागा कोणासाठी बांधल्या जातात, याच्याशीही तो जोडलेला आहे.

चर्चा आताच का?

मुले आणि स्क्रीन या विषयावर गेल्या दोन-तीन वर्षांत अनेक देशांनी ठोस पावले उचलली. स्वीडनच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने सप्टेंबर २०२४ मध्ये दोन वर्षांखालील मुलांना स्क्रीनपासून शक्यतो पूर्ण दूर ठेवण्याचा सल्ला दिला. सिंगापूरने जानेवारी २०२५ मध्ये दीड वर्षाखालील मुलांसाठी स्क्रीन नको, मागे नुसता सुरू असलेला टीव्हीही नको आणि जेवताना कोणत्याच वयाच्या मुलांना स्क्रीन नको, अशी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. फ्रान्सने २०२५ मध्ये तीन वर्षांखालील मुलांच्या पाळणाघरांत स्क्रीन वापरास मनाई केली. ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास बंदी लागू झाली.

या साऱ्या नियमांचा रोख घर, शाळा, पाळणाघर आणि समाजमाध्यम कंपन्या यांच्यावर आहे. मात्र ज्या वेळी मोबाइल देण्याचा मोह सर्वाधिक होतो, तो वेळ घराबाहेरचा असतो. प्रवास, प्रतीक्षा, रांगा आणि बाहेरचे जेवण या वेळांबाबत नियमांमध्ये फारसे काही नाही. भारतात सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यानंतर मोबाइल डेटा झपाट्याने स्वस्त झाला आणि डोंगर-दऱ्यांतून जाणाऱ्या गाडीतही व्हिडीओ पाहणे शक्य झाले. आज शाळेत असलेल्या मुलांची पिढी या स्वस्त डेटाच्या काळातच वाढली आहे.

आरोग्य संघटना नेमके काय सांगतात?

जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यानुसार दोन वर्षांपर्यंत बैठा स्क्रीन टाइम नसावा. दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी तो दिवसाला एक तासाच्या आत असावा आणि जितका कमी तितका चांगला. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचीही भूमिका साधारण अशीच आहे. दोन वर्षांखालील मुलांसाठी स्क्रीन पूर्ण वर्ज्य, अपवाद फक्त नातेवाईकांशी अधूनमधून होणाऱ्या व्हिडीओ कॉलचा. दोन ते पाच वर्षांच्या मुलांना जास्तीत जास्त एक तास आणि पाच ते दहा वर्षांच्या मुलांना दोन तासांपेक्षा कमी, तोही मोठ्यांच्या देखरेखीखाली, असे संघटना सांगते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या याच दस्तऐवजात आणखी एक शिफारस आहे आणि तिची चर्चा फार कमी होते. लहान मुलांना बाबागाडीत, उंच खुर्चीत किंवा पाठीला बांधून सलग एक तासापेक्षा जास्त वेळ अडकवून ठेवू नये, असे त्यात म्हटले आहे. एक ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसातून किमान तीन तास शारीरिक हालचाल करावी आणि बसलेल्या वेळात मोठ्यांनी त्यांना गोष्टी सांगाव्यात, पुस्तके वाचून दाखवावीत, अशीही सूचना आहे. म्हणजे प्रश्न केवळ स्क्रीनचा नाही, तर एका जागी अडकून बसण्याचाही आहे. मुंबईहून कोकणात किंवा पुण्याहून विदर्भात जाणाऱ्या गाडीत मांडीवर बसून तासन् तास काढणाऱ्या मुलाच्या हातून मोबाइल काढून घेतला, तरी या शिफारशीचा दुसरा अर्धा भाग तसाच राहतो.

मोबाइल दाखवून शांत केल्याने काय बिघडते?

पहिला तोटा संवादाचा. ऑस्ट्रेलियातील २२० कुटुंबांच्या घरातील बोलणे ध्वनिमुद्रित करून केलेला एक अभ्यास मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन वर्षांच्या मुलांच्या बाबतीत स्क्रीनचा प्रत्येक जादा मिनिट हा मोठ्यांचे सुमारे साडेसहा शब्द कमी कानावर पडण्याशी आणि मुलाने स्वत: काढलेले सुमारे पाच उद्गार कमी होण्याशी जोडलेला आढळला. हा अभ्यास घरातला असला, तरी बाहेर काय होत असेल याची कल्पना त्यावरून येते. प्रवासात एरवी मुले प्रश्नांचा भडिमार करतात. ‘ती गाय कुठे चालली?’, ‘बोगद्यात अंधार का?’, ‘ते काका काय विकतात?’ अशा प्रश्नांतूनच शब्दसंग्रह वाढतो.

दुसरा तोटा भावना आवरण्याच्या क्षमतेचा. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी तीन ते पाच वर्षांच्या ४२२ मुलांचा आणि त्यांच्या पालकांचा अभ्यास केला. तो २०२२ च्या डिसेंबरमध्ये प्रसिद्ध झाला. चिडलेल्या मुलाला शांत करण्यासाठी वारंवार मोबाइल वा टॅबलेट देण्याचा संबंध पुढच्या काही महिन्यांतील भावनिक अस्थैर्याशी आढळला. मुलगे आणि मुळातच जास्त चळवळी असलेली मुले यांच्यात हा संबंध अधिक ठळक होता. हंगेरी आणि कॅनडातील संशोधकांच्या २०२४ मधील अभ्यासातही राग आल्यावर मोबाइल मिळणाऱ्या मुलांना वर्षभरानंतर राग आवरणे अधिक कठीण जात असल्याचे दिसले.

अशा अभ्यासांतून दोन गोष्टींचा संबंध दिसतो, पण एकामुळेच दुसरे घडले असे ठामपणे सिद्ध होत नाही. हंगेरीच्या अभ्यासात एक उलट धागाही सापडला. जी मुले मुळातच चटकन चिडतात, त्यांना मोबाइलही जास्त वेळा दिला जातो. हे चक्र दोन्ही बाजूंनी फिरते. ज्या मुलाला स्वत:ला सावरण्याच्या सरावाची सर्वाधिक गरज असते, त्याच्या वाट्याला तो सराव सर्वांत कमी येतो.

तिसरा मुद्दा अगदी व्यावहारिक आहे. घाटातल्या वळणांवर मान खाली घालून मोबाइल पाहणाऱ्या मुलाला गाडी लागण्याची शक्यता वाढते. शरीराला हालचाल जाणवते, पण डोळ्यांसमोरचा पडदा स्थिर असतो. या विसंगतीमुळे मळमळते. साधारण दोन ते बारा वर्षे या वयात हा त्रास विशेष जाणवतो. खिडकीतून दूरवर पाहणे हा त्यावरचा जुना उपाय आजही डॉक्टर सुचवतात.

मग मोबाइल कधीच देऊ नये का?

तसे कोणतीही जबाबदार संघटना म्हणत नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ च्या आपल्या धोरणपत्रातच विमानप्रवास आणि वैद्यकीय उपचार यांसारख्या अधूनमधून येणाऱ्या प्रसंगी स्क्रीनचा उपयोग मुलांना शांत करण्यासाठी होऊ शकतो, हे मान्य केले होते. इंजेक्शनची सुई टोचताना लक्ष दुसरीकडे वळवल्याने मुलांना वेदना कमी जाणवतात, यालाही संशोधनाचा आधार आहे. धोका आहे तो हा उपाय रोजचा आणि एकमेव होण्याचा. प्रत्येक रडण्यावर एकच औषध मिळू लागले की मूल दुसरे काही शिकत नाही आणि पालकही दुसरे काही करून पाहत नाहीत, ही संघटनेची चिंता होती.

त्यामुळे वर्षातून दोनदा गावी जाताना रेल्वेत पाहिलेला व्हिडीओ आणि रोज संध्याकाळी भाजी आणायला जाताना बाबागाडीला अडकवलेला मोबाइल या दोन गोष्टी एका मापाने मोजता येत नाहीत. टीका करताना मात्र हा फरक बहुतेक वेळा विसरला जातो. रेल्वेतल्या अनोळखी सहप्रवाशाला त्या मुलाच्या आयुष्यातली केवळ ती दहा मिनिटे दिसतात.

पालक मोबाइल का देतात?

आळस हे सर्वांत सोपे, पण अपुरे उत्तर आहे. घराबाहेर मोबाइल देण्यामागे मुलाच्या करमणुकीपेक्षा आसपासच्या मोठ्या माणसांना त्रास होऊ नये ही भीती जास्त असते. घरात मूल ओरडले तर फक्त घरचे ऐकतात. डब्यात ओरडले तर सत्तर-ऐंशी जण वळून पाहतात. ते अवघडलेपण बहुतेकदा आईच्या वाट्याला येते.

दुसरे कारण सोबतीच्या माणसांचे. एकत्र कुटुंबातून प्रवास होत असे, तेव्हा मूल आजीकडून मावशीकडे, मावशीकडून काकाकडे फिरत असे. आता दोन मुले आणि चार बॅगा घेऊन एकटी आई किंवा एकटा बाप प्रवास करतो. तिकीट दाखवायचे, सामान सांभाळायचे, धाकट्याला शौचालयात न्यायचे, तेवढ्यात थोरल्याकडे लक्ष कोण देणार? तिथे मोबाइल काही मिनिटांपुरता का होईना, मूल सांभाळणाऱ्याचे काम करतो.

तिसरे कारण जागेचे. रेल्वेत पाच वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही, पण त्यांना स्वतंत्र आसन किंवा बर्थही मिळत नाही. एप्रिल २०१६ पासून पाच ते १२ वर्षांच्या मुलांना आरक्षित डब्यात स्वतंत्र बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडे द्यावे लागते. अर्धे तिकीट काढल्यास बर्थ मिळत नाही. साहजिकच अनेक कुटुंबे मुलांना आपल्याच जागेत सामावून घेतात. एसटीतही पाच वर्षांखालील मूल मांडीवरच असते. हात-पाय हलवायला जागाच नसलेल्या मुलाने काय करावे, या प्रश्नाला मोबाइल हे सर्वांत कमी जागा घेणारे उत्तर आहे.

चौथे कारण मोठ्यांच्या स्वत:च्या सवयीचे. अमेरिकेतील बोस्टन परिसरात फास्ट फूडच्या दुकानांत मुलांना घेऊन आलेल्या ५५ प्रौढांचे निरीक्षण करण्यात आले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ५५ पैकी ४० जण जेवणादरम्यान कधी ना कधी मोबाइलमध्ये गुंतलेले दिसले. लक्ष वेधून घेण्यासाठी काही मुले अधिक दंगा करू लागली आणि तिकडे मोठ्यांची प्रतिक्रियाही तुटक होत गेली. समोरचा माणूस पडद्यात रमलेला असताना मुलाने खिडकीबाहेर रमावे, ही अपेक्षा अवघड आहे.

शांततेचे नियम मुलांवर कसे येऊन आदळतात?

सार्वजनिक वाहनांत मोबाइलचा मोठा आवाज हा खरोखरच त्रासदायक प्रकार आहे. रेल्वेने जानेवारी २०२२ मध्ये डब्यात मोठ्याने बोलणे व मोठ्या आवाजात गाणी लावणे यांविरोधात सूचना काढल्या. एसटी महामंडळाने फेब्रुवारी २०२३ मध्ये आणि मुंबईच्या बेस्ट उपक्रमाने एप्रिल २०२३ मध्ये बसमध्ये इअरफोनशिवाय ऑडिओ-व्हिडीओ लावण्यास मनाई केली. सहप्रवाशांच्या दृष्टीने हे नियम योग्यच आहेत.

मुलांच्या बाबतीत मात्र त्यांचा एक अनपेक्षित परिणाम होतो. व्हिडीओ बंद होत नाही, मुलाच्या कानात इअरफोन येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सुरक्षित श्रवणाच्या निकषांनुसार मोठ्यांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही मर्यादा आहे, तर मुलांसाठी तेवढ्याच वेळासाठी ७५ डेसिबल. बसच्या इंजिनाच्या घरघरीत आवाज ऐकू यावा म्हणून तो वाढवला जातो आणि नेमका किती वाढला हे शेजारी बसलेल्या पालकालाही कळत नाही. शिवाय कानात इअरफोन असलेले मूल आजूबाजूच्या बोलण्यापासूनही तुटते. डब्यात शांतता होते, पण तिची किंमत मूल मोजते.

इतर देशांनी काय केले?

काही देशांनी हा प्रश्न नियमांऐवजी जागेच्या आखणीतून सोडवला. फिनलंडच्या लांब पल्ल्याच्या दुमजली गाड्यांमध्ये वरच्या मजल्यावर मुलांसाठी खेळाची जागा असते. तिथे घसरगुंडी, छोटी खेळण्यातली गाडी आणि पुस्तके ठेवलेली असतात. स्वित्झर्लंडच्या काही दुमजली आंतरशहरी गाड्यांतील कौटुंबिक डब्यात जंगलाच्या कल्पनेवर सजवलेले खेळाचे कोपरे आहेत. जर्मनीच्या वेगवान आयसीई गाड्यांमध्ये लहान मुलांच्या कुटुंबांसाठी वेगळा कक्ष ठेवला जातो. यामागचा विचार साधा आहे. मूल आवाज करणार हे गृहीत धरून त्याला आवाज करायला जागा दिली, तर उरलेली गाडी आपोआप शांत राहते.

फ्रान्समधील सेन-पोर या सुमारे दोन हजार वस्तीच्या गावाने वेगळा मार्ग निवडला. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथे मतदान झाले आणि ५४ टक्के मतदारांनी रस्ते, दुकाने, कॅफे, बागा आणि शाळेच्या दाराबाहेर मोबाइल न पाहण्याच्या संहितेला मान्यता दिली. तिचे उल्लंघन केल्यास दंड नाही. पण ती मुलांइतकीच मोठ्यांनाही लागू आहे, हे तिचे वैशिष्ट्य. ब्रिटनमधील ‘फ्रँकी अँड बेनीज’ या हॉटेल साखळीने २०१८ च्या अखेरीस काही दिवस असा प्रयोग केला की, जे कुटुंब जेवणाआधी आपले मोबाइल पेटीत ठेवेल, त्यांच्या मुलांचे जेवण मोफत.

याउलट दक्षिण कोरियात ‘नो किड्स झोन’ म्हणजे मुलांना प्रवेश नसलेले कॅफे आणि हॉटेले वाढली. जेजू बेटावरील एका हॉटेलने १३ वर्षांखालील मुलांना प्रवेश नाकारला. तेथील राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१७ मध्ये तो भेदभाव ठरवला, मात्र आयोगाचे मत बंधनकारक नव्हते. मुलांच्या गोंगाटाबाबत समाजाची सहनशीलता आटली की पुढे काय होते, याचे हे उदाहरण आहे.

महाराष्ट्रात आणि देशात काय आहे?

काही सोयी आहेत, पण त्या एका वयापाशी थांबतात. एसटी स्थानकांवरील हिरकणी कक्ष स्तनदा मातांसाठी आहेत. मूल चालू लागले की त्याच्यासाठी स्थानकावर काहीच उरत नाही, तर खरी धावपळ तेव्हाच सुरू होते. रेल्वेने मे २०२२ मध्ये लखनौ मेलमध्ये खालच्या बर्थला जोडलेला ‘बेबी बर्थ’ प्रायोगिक तत्त्वावर बसवला होता. तोही तान्ह्या बाळासाठी आणि झोपण्यासाठी. खेळण्याचा विचार त्यात नव्हता.

असलेल्या गाडीतच छोटी सोय करता येते, याचे उदाहरण मात्र राज्यात आहे. वाचन प्रेरणा दिनी, १५ ऑक्टोबर २०१८ रोजी, डेक्कन क्वीन आणि पंचवटी एक्स्प्रेस या गाड्यांमध्ये मराठी पुस्तकांचे फिरते ग्रंथालय सुरू करण्यात आले. त्यासाठी नवा डबा बांधावा लागला नाही. मुलांच्या चित्रमय पुस्तकांसाठी असाच विचार करणे अशक्य नाही.

सामूहिक निर्णयाचेही एक उदाहरण राज्यात आहे. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावात २०२२ पासून संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवले जातात. हा प्रयोग घरातल्या वेळेचा असला, तरी सेन-पोरशी त्याचे साम्य लक्षवेधी आहे. दोन्ही ठिकाणी एकट्या पालकाला मुलाशी भांडावे लागत नाही, कारण शेजारच्या घरातही तोच नियम असतो. ‘बाकी सगळे पाहतात, मग मीच का नाही?’ हा मुलांचा बिनतोड युक्तिवाद तिथे निकालात निघतो.

शहरांत प्रश्न आणखी एका टोकाला जातो. केंद्राच्या २०१४ च्या नगरविकास मार्गदर्शक तत्त्वांत दरडोई १० ते १२ चौरस मीटर मोकळ्या जागेची शिफारस आहे. मुंबई या आकड्याच्या जवळपासही नाही. जिथे धावायलाच जागा नाही, तिथे घराबाहेर पडणे म्हणजे मॉल, हॉटेल किंवा वाहन, म्हणजे पुन्हा एका जागी बसणे. भारताने १९९२ मध्ये मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेच्या ३१ व्या कलमात खेळ हा मुलांचा हक्क मानला आहे. २०२४ पासून ११ जून हा आंतरराष्ट्रीय खेळ दिन म्हणूनही पाळला जातो. सार्वजनिक वाहने आणि प्रतीक्षालये यांच्या आराखड्यांत मात्र हा हक्क अजून उतरलेला नाही.

मोबाइलविना मुलांना कसे रमवता येते?

यासाठी महागड्या खेळण्यांची गरज नाही. मोबाइलच्या आधीच्या पिढ्यांनी घडवलेली मोठी शिदोरी मराठी घरांत आहे. गाण्यांच्या भेंड्या, गावांच्या नावांच्या भेंड्या, कोडी, नाव-गाव-फळ-फूल, फुली-गोळा हे खेळ कागद-पेन्सिलवर किंवा त्यांच्याशिवायही होतात. वाचता येऊ लागलेल्या मुलांसाठी स्थानकांचे आणि दुकानांचे फलक हे चालते-फिरते पाठ्यपुस्तक असते.

वयानुसार अपेक्षा बदलाव्या लागतात. दोन वर्षांच्या मुलाला खेळाचे नियम कळत नाहीत. त्याला वस्तू हाताळायला हव्या असतात. झाकणाचा डबा, रुमाल, कापडी पुस्तक, बोटांचे खेळ त्याला पुरतात. एकेक वस्तू थोड्या थोड्या वेळाने बाहेर काढली की तिची नवलाई टिकते. चार-पाच वर्षांच्या मुलांना शोधमोहीम आवडते. लाल गाड्या मोजणे, बैल दिसला की सांगणे, बोगदे मोजणे. कोकण रेल्वेच्या मार्गावर ९०हून अधिक बोगदे आहेत आणि रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा सुमारे साडेसहा किलोमीटर लांबीचा आहे. अंधार कधी संपणार, याची पैज लावली तर त्या एका बोगद्यात मुलांची करमणूक होते. सात-आठ वर्षांच्या पुढच्या मुलांना काम दिलेले आवडते. पुढचे स्थानक कोणते ते पाहणे, बॅगा मोजणे, हॉटेलात सगळ्यांची ऑर्डर सांगणे, बिलाची बेरीज करणे. मोठ्यांच्या व्यवहारात आपल्यालाही स्थान आहे, हे कळले की कुरबुर कमी होते.

तरीही मूल कंटाळणारच. ते साहजिक आहे आणि दर वेळी त्यावर तातडीने उपाय करण्याची गरज नसते. थोडा वेळ कंटाळू दिले की अनेक मुले स्वत:च काहीतरी शोधून काढतात. भूक, झोप, उकाडा ही चिडचिडीची कारणे आधी तपासली, तर अर्धे प्रसंग टळतात. शक्य असेल तेथे झोपेच्या वेळेशी जुळणारी गाडी निवडणे आणि थांब्यावर मुलाला खाली उतरवून चार पावले चालवणे, हे कोणत्याही खेळण्याइतकेच उपयोगी पडते.

मोबाइल द्यावाच लागला तर?

अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये लहान मुलांच्या हातून स्क्रीन काढून घेतानाच्या प्रसंगांचा अभ्यास केला. ‘आणखी दोनच मिनिटे हं’ असा इशारा दिल्याने भांडण टळते, ही पालकांची समजूत त्यात चुकीची ठरली. उलट अशा इशाऱ्यानंतर मुले जास्त चिडली. गोष्ट किंवा भाग आपोआप संपला, अथवा स्क्रीन बंद होणे हा ठरलेल्या दिनक्रमाचा भाग असला, तर मुले सहज बाजूला झाली.

याचा व्यवहारातला अर्थ सरळ आहे. एकामागून एक व्हिडीओ आपोआप सुरू होणारी सोय बंद करावी. घरूनच एखादी गोष्ट किंवा गाण्यांचा ठरावीक संच उतरवून घ्यावा, म्हणजे त्याला शेवट असतो. मोबाइल देण्याची वेळ रडण्याशी न जोडता ‘लोणावळा गेले की एक गोष्ट’ अशी आधीच ठरवावी. रडले की मोबाइल मिळतो हे मुलाच्या लक्षात आले, की ते त्याच मार्गाने जाते. शक्य तेव्हा सोबत बसून पाहावे आणि पाहिलेल्याबद्दल बोलावे. नुसते ऐकण्याच्या गोष्टी हा मधला मार्गही उपयुक्त आहे. त्यात डोळे खिडकीबाहेर राहतात आणि गाडीही लागत नाही.

पुढे काय?

स्क्रीनबाबतचे बहुतेक सल्ले पालकांना उद्देशून असतात आणि ते चुकीचे नाहीत. पण त्यांचा सगळा भार एकाच खांद्यावर येतो. ज्या आईला प्रतीक्षालयात तीन तास बसायचे आहे, मुलाला सोडण्यासाठी सुरक्षित कोपरा नाही, शेजारचे कपाळाला आठ्या घालत आहेत, तिला ‘मोबाइल देऊ नका’ एवढेच सांगणे म्हणजे उपायाविना पथ्य सांगण्यासारखे आहे.

करण्याजोग्या गोष्टी फार खर्चीक नाहीत. मोठ्या स्थानकांच्या आणि सरकारी रुग्णालयांच्या प्रतीक्षालयांत आठ-दहा फुटांचा कुंपण घातलेला कोपरा, जमिनीवर रंगवलेला सापशिडीचा पट किंवा लंगडीच्या चौकटी, भिंतीवर मुलांच्या उंचीवर लावलेला फळा, लांब पल्ल्याच्या गाड्यांत लहान मुलांच्या कुटुंबांना शक्यतो एकत्र आणि खिडकीजवळ जागा, हॉटेलांत लवकर येणारा मुलांचा पदार्थ. हिरकणी कक्षासाठी जागा निघू शकली, तर त्याच्या शेजारी मुलांच्या कोपऱ्यासाठीही निघू शकते.

सहप्रवाशांच्या वाट्यालाही थोडे काम येते. समोरच्या आसनावरून डोकावणाऱ्या मुलाला ‘नाव काय तुझे?’ असे विचारणारे काका-मावशी ही एकेकाळी प्रवासातली फुकट मिळणारी सोय होती. आज तेच काका-मावशी स्वत:च्या मोबाइलमध्ये असतात. मुलाच्या हातातला पडदा खटकतो, पण त्याचे रडणे आणि धावणेही खटकते. यातले नेमके काय सहन करायचे, हे पालकांइतकेच डब्यातल्या इतरांनाही ठरवावे लागेल.